सतरा दगडांचा काठ

फार मागची गोष्ट आहे, इतकी मागची की खाडीवर पूल बांधता येतो हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. एक होता नावाडी, त्याचं नाव बस्त्यांव. एक होती त्याची बायको, तिचं नाव रेमेद. एक होती त्यांची सून मोनी, आणि मोनीच्या मांडीवर होता दहा दिवसांचा नातू. लहानांनो, ऐका. मोठ्यांनी तर जरा जवळ सरकूनच ऐका, कारण ह्यातली खोड मोठ्यांचीच आहे.

बस्त्यांवचं घर धक्क्याला लागून होतं. पाच घरांची वाडी, सगळी प्रभू जेजूला मानणारी, आणि टेकाडावर एक लहानसं प्रार्थनाघर. खाडीपलीकडे रान. रानातली माणसं सरपण, मध, पत्रावळीची पानं घेऊन इकडे बाजाराला येत आणि उन्हं कलली की परत जात. त्यांना आणायचं आणि पोचवायचं, हे बस्त्यांवचं काम. त्याच्या बापाचं तेच, आजोबाचंही तेच.

पण ह्या घराचा एक नेम होता. नावाड्याने पलीकडच्या काठावर पाय ठेवायचा नाही. होडी टेकवायची, माणसं उतरली की बांबूचा रेटा द्यायचा आणि तसंच मागे फिरायचं. पाण्यावर असताना उतारूंशी बोलायचंही नाही. आजोबाने मरताना सांगितलं होतं, "पलीकडे उतरू नका रे. उतराल तर परत यायचे नाही." का, हे कुणी विचारलं नाही. मरणाऱ्याला उलट प्रश्न कोण करतो?

शिवाय पुरावा डोळ्यांसमोर होता. पलीकडच्या चिखलात, पाण्यापासून रानापर्यंत, सपाट दगडांची एक ओळ होती. बस्त्यांव लहान होता तेव्हा नऊ दगड होते. मग बारा झाले, पंधरा झाले. आता सतरा होते.

"थडगी आहेत ती," त्याचा बाप सांगायचा. "आपल्यातले जे उतरले, त्यांची."

आणि रानातली माणसं त्याच दगडांवर पाय देत खुशाल वर चढत. बस्त्यांव ते रोज बघायचा आणि घरी येऊन बायकोला सांगायचा, "थडग्यांवरून चालतात गं! आणि वर हसतात!"

"माणसं आहेत की कोण?" रेमेद म्हणायची.

संशयाचं असंच असतं. त्याच्यासमोर दगड ठेवला तर तो थडगं बघतो, आणि दगडावरून कुणी चाललं तर आणखी घाबरतो.

बस्त्यांव देवाधर्माचा माणूस होता. होडी सोडण्याआधी रोज कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण करायचा आणि म्हणायचा, "प्रभू, होडी सांभाळ. होडीत असेल त्याला सांभाळ." होडीबाहेरच्यासाठी त्याने कधी काही मागितलं नाही. त्याला वाटायचं, आपण होडीत आहोत, प्रभू आपल्यापाशी आहे, आणखी काय पाहिजे?

मग त्या घरावर वाईट दिवस आले. एकुलता एक मुलगा तापाने गेला, तेव्हा मोनी सात महिन्यांची गरोदर होती. पोर जन्मलं, तर मोनीला ताप भरला आणि पाचव्या दिवशी तिचं दूध आटलं. शेळीचं दूध पाजलं, पोराने ओकून टाकलं. भाताच्या पेजेचं पाणी बोटाने चाटवलं, पोराने जीभ बाहेर काढली. पाच घरांत अंगावर पाजणारी तेव्हा एकही बाई नव्हती. दोन घरांत म्हाताऱ्या, दोन घरांत वाढलेली मुलं, आणि पाचवं हे.

सुईण येऊन पोराच्या टाळूवर हात ठेवून गेली. जाताना उंबऱ्यात थांबली. "रेमेद, ह्याला बाईचं दूध पाहिजे. तीन-चार दिवस काढील. पुढचं माझ्याकडून वदवू नकोस."

त्याच दिवशी बाजार होता. रानातली एक बाई डोक्यावर सरपणाचा भारा आणि कडेवर पोर घेऊन धक्क्यावर उतरली. मथी तिचं नाव. ती बस्त्यांवच्या दारावरून चालली होती, इतक्यात आतून रडणं ऐकू आलं. रडणं कसलं, मांजराच्या पिलाचा आवाज. मथी उभी राहिली. भारा खाली टाकला. तिच्या लुगड्याचा पदर छातीपाशी ओला झाला.

"मावशे," ती दारातून म्हणाली, "पोर उपाशी आहे तुमचं. द्या इकडं, पाजते."

रेमेद दाराच्या मधोमध येऊन उभी राहिली. तिने मथीला वरपासून खालपर्यंत बघितलं. गळ्यात काळा दोरा. कडेवरचं पोर इतकं गुटगुटीत की मांड्यांना वळ्या. रेमेदच्या मनात आलं, रानात खायला काय असतं? मग हिचं पोर एवढं भरलेलं कसं? काय पाजते ही?

"का?" रेमेदने विचारलं.

"का म्हणजे?"

"तुला काय पाहिजे त्याच्या बदल्यात?"

 मथीने मागे वळून बस्त्यांवकडे बघितलं. तो खुंटाला दोर बांधत होता. त्याने बायकोला मानेने खूण केली, नको.

"आमचं आम्ही बघू," रेमेद म्हणाली.

"बघा," मथी म्हणाली. तिने भारा उचलला. "पण मावशे, मी आता पंधरा दिवस यायची नाही. आमची नाचणीची राखण आहे, पाखरं उतरलीत. पाजायचं झालं तर पलीकडं आणा. दगड संपले की उंबर आहे, त्याच्या मागं माझं घर."

ती गेल्यावर रेमेदने दार लावून घेतलं. "ऐकलंत? दगड संपले की, म्हणाली. म्हणजे आपण दगडांवरून जायचं. पोर घेऊन! आता कळलं का बोलावते ते?"

"मला आधीच कळलं होतं," बस्त्यांव म्हणाला.

दोन दिवस गेले. पाळण्याच्या चारी कोपऱ्यांना त्यांनी क्रूस बांधले. बस्त्यांव गुडघे टेकून बसला तो उठेचना. "प्रभू, ह्याला सांभाळ. घरातल्या पोराला सांभाळ." तिसऱ्या दिवशी सकाळी पोर रडायचं थांबलं. झोपलं नव्हतं. डोळे उघडे होते, पण रडायला लागतं तेवढं बळ उरलं नव्हतं.

तापात पडलेली मोनी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आई, आवाज का येत नाही?"

रेमेद तशीच उठली. पोराला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, होडी काढा."

"वेड लागलं तुला?"

"लागलं असेल. काढा."

"अगं, प्रार्थना चालू आहे ना? प्रभू बघेल की नाही?"

"तुम्ही रोज म्हणता, प्रभू सगळीकडे आहे. म्हणता ना?"

"आहेच."

"मग पलीकडच्या काठावर कोण आहे?"

बस्त्यांवने पाळण्याला बांधलेल्या क्रूसांकडे बघितलं.

"तिथे तो नसेल, तर आपण इतकी वर्षं खोटं बोलत आलो. असेल, तर तो तिथून बोलावतोय आणि आपण इथे दार लावून बसलोय. आता मला प्रार्थना सांगू नका. वल्हं उचला."

विश्वास आला म्हणजे भीती पळून गेली, असं काही कुणी समजू नका. रेमेद पोराला घेऊन होडीत बसली. अर्ध्या पाण्यात तिला वाटलं, आपणच पोराला मरणाच्या दारात नेतोय. पाऊण पाण्यात वाटलं, फिरवा म्हणावं होडी. पण पोराकडे बघितलं आणि त्याला आणखी जवळ धरलं.

होडी काठाला टेकली. बस्त्यांवने सवयीने बांबू रोवला आणि तो होडीतच उभा राहिला.

"तुम्ही?" रेमेदने विचारलं.

"मी इथेच थांबतो. आजोबाचा शब्द आहे," तो म्हणाला, आणि त्याने दुसरीकडे बघितलं.

रेमेदने समोरचा पहिला दगड बघितला. शेवाळ नव्हतं, मधोमध झिजून खोलगट झाला होता. ती म्हणाली, "जेजू, तू इथे आहेस म्हणतात. मला दिसत नाहीस. मी पाय ठेवते, मग तू बघ." आणि तिने पाय ठेवला.

दगड हललासुद्धा नाही.

दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. प्रत्येक दगडावर ती हळूच म्हणत होती, "माफ कर रे बाबा, कोण असशील तो." सतरा दगड झाले, उंबर आला, उंबरामागे कुडाची झोपडी. दाराशी एक म्हातारी विळा घासत बसली होती. रेमेद जागीच थांबली. भरदिवसा विळा कशाला घासायचा?

म्हातारीने मान वर केली. ती मथीची सासू. तिने रेमेदच्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे, मग पुन्हा पायांकडे.

"तू खाडीवाली ना?" म्हातारी म्हणाली. "आज कशी उतरलीस? होडी बुडाली काय?"

"पोर आजारी आहे."

"हां. आज गरज लागली, तर आमची भुई पायाला चालते होय?"

हे बोलणं रेमेदला कळलं नाही. तेवढ्यात मथी बाहेर आली आणि तिने हात पुढे केले. रेमेदने पोर द्यायच्या आधी त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला.

म्हातारी ताडकन उठली. "काय काढलंस? मथे, थांब. त्या पोराच्या कपाळावर हिने काहीतरी काढलं. तसलं पोर छातीला लावू नको. आपल्या सोन्याला बाधेल."

"देवाची खूण आहे," रेमेद म्हणाली.

"कुणाच्या देवाची?" म्हातारीने चुलीतली काजळी बोटावर घेतली आणि आपल्या नातवाच्या दोन्ही गालांना फासली. "हां, आता होऊ दे."

दोघी आज्या समोरासमोर बसल्या. एकीचा डोळा दुसरीच्या हातावर. मथीने पोराला छातीशी धरलं. पहिल्यांदा त्याने तोंडच उघडलं नाही. तिने दुधाचे दोन थेंब त्याच्या ओठांवर पिळले. मग ओठ हलले. मग घशाखाली काहीतरी उतरलं. रेमेद एकेक घोट मोजत होती. सहाव्या घोटाला पोराने मूठ वळली.

तिकडे मथीचं स्वतःचं पोर हात पसरून भोकाड पसरत होतं.

"त्याला घे ना आधी," रेमेदच्या तोंडून गेलं.

"तो थांबंल," मथी म्हणाली. "त्याच्यात दम आहे. ह्याच्यात कुठं आहे?"

रेमेदने मान खाली घातली. दारात उभं राहून आपण "का?" म्हणून विचारलं होतं, ते तिला आठवलं. पण संशय काय एका घोटाने जातो? दुपारी म्हातारीने नाचणीची भाकरी आणि अंबाडीची भाजी पुढे ठेवली, तर रेमेद म्हणाली, "उपास आहे माझा."

"खोटं नको बोलू. तुझं पोट मघापासून गुरगुरतंय, मला बहिरीला ऐकू येतंय," म्हातारी म्हणाली. तिने भाकरीचे दोन तुकडे केले, एक आपल्या तोंडात घातला. चावून गिळला आणि तोंड उघडून दाखवलं. "मेले का? नाही ना? खा आता."

रेमेदला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आलं. ती जेवली.

आता बस्त्यांवचं ऐका. तो होडीतच बसला होता. ओहोटी लागली, पाणी उतरलं, होडी चिखलात कलंडली. उतरला असता तर दोन पावलांवर सावली होती. पण नाही. डोक्यावर ओला पंचा टाकून तो कललेल्या होडीत कड धरून वेडावाकडा बसला, उन्हात भाजत, आणि मनात नको नको ते बघत. रेमेद गेली ती गेली. अजून येत नाही. उद्या अठरावा दगड. की अठरावा आणि एकोणिसावा?

उन्हं कलायला आली आणि रानातून किंकाळी आली. पोराची. चांगली जोरदार, उंबरावरचे पक्षी उडवणारी.

"मारलं!" बस्त्यांव ओरडला. त्याने वल्हं उचललं आणि होडीबाहेर उडी टाकली. आजोबाचा शब्द कुठे गेला, त्याला कळलं नाही. सतरा दगड त्याने सात ढांगांत पार केले आणि वल्हं डोक्यावर उगारून झोपडीसमोर उभा राहिला.

समोर काय? रेमेद उरलेल्या भाकरीचा तुकडा हातात धरून बसलेली. मथीच्या मांडीवर त्याचा नातू, तोंड लालभडक, हनुवटीवर दूध, आणि भुकेने रडून रडून घर डोक्यावर घेतलेलं. तिसऱ्या खेपेचं दूध यायला जरा उशीर झाला, एवढाच त्याचा राग.

"काका," मथी म्हणाली, "वल्हं खाली ठेवा. पोर दचकंल."

बस्त्यांवने वल्हं खाली ठेवलं. मग आपले पाय बघितले. ते जमिनीवर होते.

"दुसरा पण उतरला गं!" म्हातारी टाळी वाजवून म्हणाली. "आज सूर्य कुठून उगवला होता?" मग ती गंभीर झाली. "खाडीवाल्या, एक सांग. तुझा आजा, तुझा बाप, आणि तू. तीन पिढ्या आमच्या भुईला पाय लावला नाहीत. पाण्यावर एक शब्द बोलला नाहीत. आमचं काय चुकलं होतं?"

"आजोबा म्हणाला होता, उतराल तर परत यायचे नाही," बस्त्यांव पुटपुटला. "आणि ती थडगी..."

"कसली थडगी?"

त्याने दगडांकडे बोट दाखवलं.

म्हातारी बघतच राहिली. "अरे बाबा! तुझा आजा पुराच्या वर्षी इथं उतरला, तो कमरेपर्यंत रुतला. माझ्या सासऱ्यानं वेल टाकून ओढून काढला त्याला. म्हणाला, हा नवा गाळ आहे, ह्या साली उतरू नको, पुढच्या साली भुई घट्ट होईल. भिऊन जो गेला तो परत उतरलाच नाही. सासऱ्याला वाटलं, चिखलाला भितो, म्हणून त्यानं दगड मांडले. दर दोन-चार वर्षांनी आम्ही एकेक वाढवत आलो. तुमचा पाय रुतू नये म्हणून रे! तरी तुम्ही होडीतच. मग आम्ही म्हटलं, ह्यांना आमचा विटाळ होत असंल."

 पोर चुटूचुटू पीत होतं.

बस्त्यांव जमिनीवर बसला. दोन्ही तळवे भुईला टेकवून म्हणाला, "प्रभू, मी तुला एका होडीत कोंबून ठेवलं होतं." रेमेद विश्वासाने उतरली होती, तो संशयाने उतरला होता. भुईने मात्र दोघांना सारखंच धरलं.

दुसऱ्या दिवशी मोनीला होडीत निजवून पलीकडे आणली. ती सव्वा महिना मथीच्या झोपडीत राहिली. म्हातारी तिला नाचणीची आंबील पाजायची, पाठ चोळायची आणि रडू आलं की रागवायची, "पोर पिताना रडू नये, दूध खारट होतं." पोराला ती रोज मोनीच्याही छातीशी लावायची. तिसऱ्या आठवड्यात मोनीला पान्हा फुटला. पोराचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी मथी आणि म्हातारी प्रार्थनाघराच्या पायरीवर बसल्या होत्या. पाद्रीबाबांनी म्हातारीला विचारलं, "आत येता का?" ती म्हणाली, "इथून बरं दिसतंय. आणि त्याच्या कपाळावर काय काढता ते मला माहीत आहे."

दोन पावसाळे उलटले. मथीला जुळं झालं, दोन्ही मुली. एकीला पाजावं तर दुसरी उपाशी, अशी गत झाली. एका सकाळी म्हातारी एका नातीला पदरात गुंडाळून होडीत बसली आणि बस्त्यांवला म्हणाली, "चल रे, तुझ्या सुनेकडं." पाण्यावर ती सबंध वेळ बडबडत होती, तोही बडबडत होता. मोनीने दारातच हात पुढे केले. "का?" असं कुणी कुणाला विचारलं नाही.

मोनीच्या एका मांडीवर तिचा मुलगा आणि दुसऱ्या मांडीवर रानातली मुलगी. जिथे एका पोराचा आवाज बंद पडला होता, त्या घरात आता दोन पोरं रडायची, म्हातारी ओरडायची, रेमेद तिला उलट ओरडायची, आणि बस्त्यांवला जेवताना बसायला कोपरा मिळायचा नाही. असं भरलेलं घर त्या वाडीत दुसरं नव्हतं.

देव सांभाळतो असं रोज म्हणणाऱ्याने कधीतरी होडीबाहेर पाय टाकून बघावा.